उंबरठ्याबाहेरचा संसार

नवराबायकोनं मुलांना घेऊन परदेशी फिरायला जाणं, यात आज कुणाला फारसं नवल वाटत नाही. लग्नाचा हॉल ठरायच्या आधी मधुचंद्राची तिकिटं काढून ठेवणारी मंडळी आपल्या ओळखीत असतात. मे महिना आला की सोसायटीतल्या निम्म्या दारांना कुलुपं लागतात. शेजारच्या काकू किल्ली आपल्याकडे ठेवून, कुंड्यांना पाणी घालायला सांगून निघतात आणि पंधरा दिवसांनी चॉकलेटांची पिशवी आणि फोटो घेऊन हजर होतात. आपणही कौतुकानं फोटो पाहतो.

पण नवरा, बायको आणि मुलं एवढ्यांनीच मिळून कुठंतरी जायचं, चार दिवस मजेत राहायचं, ही कल्पना आपल्या समाजात फार जुनी नाही. पूर्वी बायका प्रवास करत नसत असं नाही. माहेरी जात, बाळंतपणाला जात, सासूबाईंच्या मागून काशीयात्रेला जात. नवऱ्याच्या शेजारी बसून, मोकळ्या तोंडानं, जग बघायला म्हणून मात्र जात नसत. ती वाट कुणीतरी पहिल्यांदा तुडवली असणार. हिंदुस्थानात ज्यांनी ती तुडवली त्यांत एक बंगाली जोडपं आहे, आणि गंमत अशी की त्यांच्या संसाराचा मोठा भाग आपल्याच मुलखात, बदलीच्या गावांत गेला.

त्यातल्या नवऱ्याचं नाव स्पर्धापरीक्षेला बसणारी मुलं आजही पाठ करतात. सत्येंद्रनाथ ठाकूर, आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय. रवींद्रनाथांचे थोरले बंधू. त्यांच्या पत्नीचं नाव ज्ञानदानंदिनी. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते सापडत नाही, बंगालमध्ये मात्र ते आजही आदरानं घेतलं जातं. मी आयुष्यभर एकीकडे बँकेचे हिशेब आणि दुसरीकडे कादंबऱ्यांतल्या माणसांचे हिशेब करत आलो. या दोघांच्या जमाखर्चात मला नेहमी बाईंच्या बाजूचं पान अधिक वाचावंसं वाटलं आहे.

ज्ञानदानंदिनीचा जन्म १८५० सालचा, जेसोर जिल्ह्यातल्या नरेंद्रपूर नावाच्या खेड्यातला. हे गाव आता बांगलादेशात आहे. सात-आठ वर्षांची असताना ती कलकत्त्याच्या जोडासांको इथल्या ठाकूरवाड्यात सून म्हणून आली. सासरे देवेंद्रनाथ, ज्यांना लोक महर्षी म्हणत. ब्राह्मो समाजाचे मोठे पुढारी. मूर्तिपूजा सोडलेलं, विचारानं पुढारलेलं घर. पण वाड्याचा अंतःपुराचा भाग मात्र जुन्या वळणाचाच होता. घरातल्या सुनांनी बाहेरच्या बैठकीत पाऊल टाकायचं नाही. गंगेवर स्नानाला जायचं तर बंद पालखीतून जायचं, आणि पालखीसकट पाण्यात बुडवून वर काढायचं, अशी त्या काळच्या बड्या घरांची रीत होती.

नवरा तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा आणि पडद्याच्या चालीचा मनापासून तिटकारा असलेला. आपल्या बायकोला आपला जिवलग मित्र भेटू शकत नाही, हे त्याला पटेना. तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. मनोमोहन घोष नावाच्या मित्राला घेऊन तो रात्री अंतःपुराकडे निघाला. दोघं पाय जुळवून असे चालले की ऐकणाऱ्याला एकाच माणसाची पावलं वाटावीत. मित्राला मच्छरदाणीत नेऊन बसवलं. आत बालवधू पदर ओढून बसलेली. मित्र गप्प, ती गप्प. थोडा वेळ गेला आणि जसे आले तसेच पावलांशी पावलं जुळवत दोघं परत गेले. आज आपल्याला हसू येतं. पण मला त्यात त्या मुलीची बाजू दिसते. तिला यातलं काहीच नको होतं. मोकळेपणा ही त्या क्षणी तिची गरज नव्हती, ती नवऱ्याची हौस होती.

१८६२ साली हे दोघं मित्र विलायतेला गेले. पुढच्या वर्षी सत्येंद्रनाथ सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले. तिकडून त्यांनी बायकोला पत्रामागून पत्रं लिहिली. आपलं लग्न आपण केलेलं नाही, ते वडीलधाऱ्यांनी लावून दिलेलं आहे. तू मोठी हो, शीक, स्वतःच्या मनानं विचार करायला लाग, मगच आपलं नातं खऱ्या अर्थानं सुरू होईल, असा त्या पत्रांचा आशय होता. तिला विलायतेला पाठवावं म्हणून त्यांनी वडिलांनाही विनवलं. महर्षींनी परवानगी दिली नाही. इकडे दीर हेमेंद्रनाथ घरातल्या बायकांना शिकवत असत. त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन बसायचं आणि धडा गिरवायचा. तिचं शिक्षण असं सुरू झालं.

१८६४ च्या अखेरीस सत्येंद्रनाथ परतले. नेमणूक मुंबई इलाख्यात झाली होती. बायकोला बरोबर नेणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. या वेळी वडिलांनी अडवलं नाही. पण प्रश्न आला तो घरातून बंदरावर जायचा. सुनेनं बाहेरच्या चौकातून सगळ्यांदेखत चालत जाऊन गाडीत बसायचं, हे वाड्याला मानवणारं नव्हतं. शेवटी बंद पालखी आली आणि तीतूनच ती बोटीपर्यंत गेली. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला जायला १८७० साल उजाडायचं होतं, त्यामुळे प्रवास समुद्रातून, देशाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून. ती चौदा वर्षांची, तो बावीस वर्षांचा. आजच्या भाषेत बोलायचं तर हाच त्यांचा पहिला प्रवास.

बोटीवर पाऊल ठेवण्याआधी आणखी एक अडचण सोडवायची होती. अंगावर घालायचं काय? बंगालमधल्या बड्या घरच्या बायका त्या काळी घरात एकच तलम साडी गुंडाळून असत. बाहेर जायचंच नाही तर बाहेरचा पोशाख हवा कशाला? नवऱ्यानं एका फ्रेंच दुकानातून पौर्वात्य म्हणावा असा एक झगमगीत वेश शिवून घेतला. तो इतका अवघड होता की नवऱ्याच्या मदतीवाचून अंगात चढत नसे. पुरुषानं बाईच्या सुटकेचा विचार केला की तो पहिल्यांदा असाच काहीतरी अवघड झगा शिवून आणतो, असं मला गमतीनं वाटतं. हेतू चांगला असतो, पण बटणं पाठीमागे असतात.

मुंबईत दोघं काही महिने माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी राहिली. माणेकजी म्हणजे मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी अलेक्झांड्रा संस्था काढणारे सुधारक. त्यांच्या मुली शिकलेल्या, चारचौघांत वावरणाऱ्या. पडद्यातून आलेली ही मुलगी तिथं बुजून गेली असणार. पण ती नजर उघडी ठेवून होती. पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा तिनं पाहिली आणि उचलली. मात्र जशीच्या तशी नाही. पारशी बायका पदर उजव्या खांद्यावर घेत. हिनं तो डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहिला. आत परकर, अंगात जाकीट किंवा पोलकं, खांद्यावर टाचणी. अवघड फ्रेंच झगा पेटीच्या तळाशी गेला.

मला वाटतं, इथं पारडं फिरलं. बाहेर पडणं ही नवऱ्याची कल्पना होती, पण बाहेर पडून कसं वावरायचं हे तिचं तिनं शोधलं. पुढं तिनं बामाबोधिनी पत्रिकेत जाहिरात देऊन इतर बायकांना ही साडी शिकवायची तयारी दाखवली. बंगालमध्ये या पद्धतीला बोम्बाई दस्तूर, म्हणजे मुंबईची रीत, असं नाव पडलं. ब्राह्मो घरांतून ती पसरली. आज देशभर जी गोल साडी सर्रास नेसली जाते, तिच्या अनेक उगमांपैकी हा एक. आपल्याकडे नऊवारीतून पाचवारीत येताना आजीनं आईला नावं ठेवली असतील, तेव्हा त्या भांडणाची एक बाजू गिरगावाजवळच कुठंतरी एका बंगाली मुलीनं आधीच सोडवून ठेवली होती, हे दोघींनाही ठाऊक नसणार.

पहिली नेमणूक अहमदाबादला. तिथून १८६६ मध्ये दोघं कलकत्त्याला घरी आली. सून सगळ्यांदेखत गाडीतून उतरली, तेव्हा वाड्यात रडारड झाली म्हणतात. कुणी मेल्यासारखी. घरातल्या काही बायका तिच्याशी मोकळेपणी बोलेनात, पंगतीत अंतर पडलं. त्याच वर्षाअखेर व्हाइसरॉय लॉरेन्स यांच्याकडच्या मेजवानीला ज्ञानदानंदिनी गेल्या. एक हिंदी स्त्री तिथं दिसताच लोकांना वाटलं, भोपाळच्या बेगमसाहेब आल्या आहेत. त्या काळी तिथं जाऊ शकेल अशी दुसरी स्त्री कुणाला सुचतच नव्हती. ठाकूर घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले वृद्ध प्रसन्नकुमार ठाकूर हजर होते. आपल्या कुळातली सून या जागी पाहून त्यांना इतकी शरम वाटली की ते तडक निघून गेले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

त्यानंतर सुरू झाला बदल्यांचा संसार. मुंबई इलाखा म्हणजे त्या वेळी सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला मुलूख. मोठा मुलगा सुरेंद्रनाथ १८७२ साली पुण्यात जन्मला. मुलगी इंदिरा पुढच्या वर्षी विजापूरकडे. धाकटा कवींद्रनाथ १८७६ साली सिंधमधल्या हैदराबादेत. तीन मुलं, तीन मुलूख. ज्यांनी बदलीची नोकरी केली आहे त्यांना यातलं मर्म सांगायला नको. माझ्या नोकरीतही थोरल्याच्या दाखल्यावर एक गाव आणि धाकटीच्या दाखल्यावर दुसरंच गाव आहे. नवऱ्याला बदलीच्या गावी खुर्ची तयार असते, शिपाई असतो, सलाम असतो. बायकोला दूधवाल्यापासून सगळं नव्यानं मांडावं लागतं, तेही परक्या भाषेत. ज्ञानदानंदिनींनी ते मांडलं. त्यांनी मराठी इतकी आत्मसात केली की मराठीतल्या मजकुराचं बंगालीत भाषांतर केलं.

आता १८७७ साल. सत्येंद्रनाथांच्या मनात जुनी इच्छा होतीच, बायकोमुलांनी विलायत पाहावी. ते स्वतः पुढच्या वर्षी लांब रजेवर येणार होते. तेव्हा त्यांनी बायकोला आधीच पुढं पाठवलं. बरोबर तीन लहान मुलं, थोरला पाच वर्षांचा. आणि त्या गरोदर होत्या. सोबतीला ओळखीचं एक इंग्रज जोडपं, बस्स. आपल्या आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई या दोघी समुद्र ओलांडून गेल्या त्या १८८३ साली. ज्ञानदानंदिनी त्यांच्या सहा वर्षं आधी गेल्या. त्या डॉक्टर व्हायला गेल्या नव्हत्या, धर्म शोधायला गेल्या नव्हत्या. मुलांना घेऊन जग बघायला गेलेली एक गृहिणी, एवढीच त्यांची ओळख होती. इतिहासात त्यांना जागा कमी मिळाली, त्याचं हेही एक कारण असेल. गृहिणीच्या प्रवासाची नोंद आपण पराक्रम म्हणून करत नाही.

लंडनला त्यांना उतरवून घ्यायला आले ते ज्ञानेंद्रमोहन ठाकूर. हे पहिले हिंदी बॅरिस्टर. ख्रिस्ती धर्म घेतल्यामुळे घराला मुकलेले आणि विलायतेतच राहिलेले. आणि हे कुणाचे चिरंजीव? व्हाइसरॉयच्या मेजवानीतून शरमेनं निघून गेलेल्या त्याच प्रसन्नकुमारांचे. बापाला जी सून चारचौघांत असह्य झाली, तिला अकरा वर्षांनंतर परक्या देशात मुलानं आसरा दिला. पोटुशी बाई, तीन मुलं आणि नवरा बरोबर नाही, हे पाहून तेही चकित झाले होते. कादंबरीत मी हे लिहिलं असतं तर योगायोग फार जुळवला म्हणून संपादकांनी खोडलं असतं.

काही काळानं त्या मुलांना घेऊन समुद्रकाठच्या ब्रायटन गावी, मदिना व्हिलाज नावाच्या वस्तीत राहू लागल्या. या मुक्कामाची किंमत त्यांनी मोजली. विलायतेत झालेलं मूल वाचलं नाही. धाकटा कवींद्रनाथही तिथंच गेला. दोन मुलांचं जाणं, आणि तेही अशा ठिकाणी की जिथं रडताना आपल्या भाषेत जवळ घेणारं बाईमाणूस नाही. या दुःखाचा उल्लेख चरित्रांमधून एकदोन ओळींत येतो आणि पुढच्या ओळीत प्रवास पुन्हा सुरू होतो. मला तिथं थांबावंसं वाटतं. सत्येंद्रनाथांच्या धाडसाचं कौतुक सगळ्यांनी केलं आहे आणि ते योग्यही आहे. त्या काळी बायकोच्या बाजूनं असं उभं राहणारे नवरे किती होते? पण धाडसाचा निर्णय एकाचा असतो आणि त्याची झळ पुष्कळदा दुसऱ्याला लागते. त्या निर्णयाबद्दल त्या दोघांत काय बोलणं झालं असेल ते दोघांनाच ठाऊक. एवढं खरं की त्या परतीच्या पहिल्या बोटीनं निघून आल्या नाहीत.

१८७८ साली सत्येंद्रनाथ निघाले, बरोबर सतरा वर्षांचा धाकटा भाऊ रवी. शाळेत कुठंच न टिकलेला, घराला काळजी लावणारा मुलगा. विलायतेला नेऊन बॅरिस्टर करावं असा बेत. निघण्याआधी तो अहमदाबादला भावाकडं राहिला. साबरमतीच्या काठच्या शाहीबागेतल्या जुन्या महालात भाऊ कचेरीला गेल्यावर तो एकटाच दिवसभर फिरत असे. त्या महालातूनच पुढं त्यांची क्षुधित पाषाण ही कथा उगवली. नंतर इंग्रजी सुधारावं म्हणून त्याला मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक असलेल्या डॉक्टरांची विलायतेहून आलेली मुलगी अन्नपूर्णा त्याला इंग्रजी शिकवायची. त्यानं तिला नलिनी असं नाव दिलं होतं. सप्टेंबरमध्ये दोघे भाऊ मुंबईहून बोटीवर चढले. बोटीचं नाव पूना! सुएझहून रेल्वेनं अलेक्झांड्रिया, तिथून पुन्हा बोटीनं इटलीतलं ब्रिंडिसी, मग रेल्वेनं पॅरिस, आणि शेवटी ब्रायटन.

तिथं मेजो बौठान, म्हणजे मधली वहिनी, घर मांडून बसलेली होती. परदेशात पाऊल टाकल्याबरोबर आपल्या हातचं जेवण आणि गळ्यात पडणारी भाचरंडं मिळणं, हे सुख ज्यांनी अनुभवलं असेल त्यांनाच कळेल. वर्षभरात मुलांची इंग्रजी पक्की झालेली. रवीकाकांचे उच्चार ऐकून ती हसून लोळत. गरम या अर्थाच्या वॉर्म मध्ये ऑ कसा आणि किडा या अर्थाच्या वर्म मध्ये अ कसा, याचा नियम काकाला सांगता येईना आणि मुलांची थट्टा थांबेना. एका संध्याकाळी शेकोटीपाशी बसलेले असताना मुलं धावत आली, बर्फ पडतंय म्हणून. सगळे बाहेर गेले. चांदणं, आणि खाली पांढरी झालेली पृथ्वी. रवींद्रनाथांनी ही आठवण उतारवयापर्यंत जपली.

पुढं रवी शिक्षणासाठी लंडनला गेला. तिथं तो एकाकी होता. तेव्हा वहिनींनी त्याला डेव्हनशायरमधल्या टॉर्की गावी बोलावून घेतलं. त्या मुलांना घेऊन तिथं सुटीला गेल्या होत्या. टेकड्या, समुद्र, फुलांनी भरलेली कुरणं, पाइनची झाडी आणि बरोबर दोन हसरी पोरं. आपण इतके सुखात आहोत तर कविता का सुचत नाही, असा प्रश्न त्या तरुण कवीला पडला. मग कर्तव्य म्हणून तो छत्री घेऊन समुद्रकाठच्या खडकावर जाऊन बसला आणि एक कविता लिहून आला. पुढं स्वतः त्यांनीच त्या कवितेची थट्टा केली आहे. पण त्या सुटीची थट्टा केली नाही. वाड्यात नोकरांच्या हाती वाढलेल्या त्या मुलाला आईबाप, मुलं आणि रिकामा वेळ असलेलं छोटं घर पहिल्यांदा पाहायला मिळालं ते या वहिनींच्या बिऱ्हाडात.

१८८० च्या सुरुवातीला सगळे परतले. रवी बॅरिस्टर न होताच आला. आणि आता या जोडप्याच्या संसाराला वेगळं वळण लागलं. मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञानदानंदिनी कलकत्त्यात राहिल्या, पण ठाकूरवाड्यात नव्हे, स्वतंत्र घर करून. सत्येंद्रनाथ एकटे मुंबई इलाख्यात बदल्यांवर. बँकेत आम्ही अधिकारी मंडळी याला दोन चुली म्हणत असू. मुलगा दहावीला आला की बायको पुण्यात आणि साहेब कुठल्या तरी तालुक्याच्या गावी खाणावळीत. अशा संसाराला धरून ठेवते ती सुटी. सुटी लागली की कलकत्त्याची मंडळी बदलीच्या गावी यायची, एकटी नव्हे तर दीर, जावा, मित्र असा गोतावळा घेऊन.

१८८३ सालची कारवारची सुटी यातली सगळ्यांत प्रसिद्ध. सत्येंद्रनाथ तिथं न्यायाधीश होते. समुद्राला लागून बंगला, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची रांग. एका चांदण्या रात्री मंडळी होडीतून काळी नदीच्या आत गेली. शिवाजी महाराजांच्या नावाचा डोंगरी किल्ला पाहिला, एका शेतकऱ्याच्या घरी थांबली आणि परतताना नदीच्या मुखापासून वाळूवरून पायी घरी आली. बावीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी कारवारात प्रकृतीर प्रतिशोध हे नाटक लिहिलं. सगळं सोडून गुहेत बसलेला संन्यासी एका अनाथ मुलीच्या मायेनं माणसांत परत येतो, अशी त्याची गोष्ट. घरच्या माणसांच्या गराड्यात, सुटीत लिहिलेलं हे नाटक आहे, हे ध्यानात घेतलं की ते मला अधिक कळतं. माझी बदली कारवारला झाली तेव्हा त्या किनाऱ्याला रवींद्रनाथांचं नाव दिलेलं पाहिलं. ज्यांच्या बिऱ्हाडात ते पाहुणे होते त्या जोडप्याचं नाव मात्र आमच्या कचेरीत कुणाच्या कानावरही नव्हतं.

रवींद्रनाथ सोलापूरलाही भावाकडे येऊन राहिले. कलकत्त्यातल्या वहिनींच्या घरात तर ते सदाचेच. १८८५ मध्ये ज्ञानदानंदिनींनी बालक नावाचं मुलांचं मासिक काढलं आणि दिराच्या मागं लागून त्याच्याकडून लिहवून घेतलं. राजर्षी ही कादंबरी त्यातलीच. पुतण्या-पुतणीला घेऊन हजारीबागला गेले त्या दहा दिवसांच्या सुटीवरही त्यांनी बालकमध्येच लिहिलं. रवींद्रनाथांची बालवधू मृणालिनी घरात आली तेव्हा तिला शिकवायला, वळण लावायला आपल्याकडे ठेवून घेतलं ते याच वहिनींनी. स्वतः ज्या वयात मच्छरदाणीत भेदरून बसल्या होत्या, त्याच वयाची दुसरी मुलगी त्यांच्या हाती आली होती. राजा ओ रानी हे नाटक घरच्या मंडळींनी केलं तेव्हा रवींद्रनाथ राजा झाले आणि त्या राणी. दीर-भावजय राजाराणी होतात म्हणजे काय, म्हणून वर्तमानपत्रातून टीका झाली. त्यांनी तीही पचवली.

सत्येंद्रनाथ १८९७ साली साताऱ्याहून निवृत्त झाले. महाराष्ट्रानं त्यांना नोकरी दिली, त्यांनीही काही परत केलं. मुंबई इलाख्यातलं जीवन त्यांनी बोम्बाई चित्र या पुस्तकातून बंगाली वाचकांपुढं मांडलं, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १९२३ मध्ये ते गेले. मुलगी इंदिरा फ्रेंच घेऊन पदवीधर झाली. रवींद्रनाथांच्या छिन्नपत्रातली बहुतेक पत्रं तिलाच लिहिलेली. पुढं तिनं विश्वभारतीचं कुलगुरुपदही काही काळ सांभाळलं. सुरेंद्रनाथ १९४० मध्ये वारले. रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ ला गेले. टॉर्कीच्या कुरणात ज्यांना हाका मारल्या त्यातली एक मुलगी तेवढी आता मागं उरली होती. ज्ञानदानंदिनींनी त्याच वर्षी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी डोळे मिटले.

त्या सुखी होत्या का, असा प्रश्न एका वाचक भगिनीनं मला एकदा विचारला होता. मी हिशेबनीस माणूस, पण हा ताळेबंद मला मांडता येत नाही. बाहेर पडायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं लग्न विचारून झालं नव्हतं आणि त्यांची सुटकाही विचारून झाली नव्हती. मात्र एकदा बाहेर पडल्यावर त्या कुणाच्या मागून चालल्या नाहीत. नवऱ्यानं शिवून आणलेला झगा त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःची साडी नेसल्या. त्यांच्या मागून कितीतरी जणींना चालणं सोपं झालं.

म्हातारपणी त्यांनी आपल्या आठवणी मुलीला सांगितल्या. इंदिराबाईंनी त्या पुरातनी या पुस्तकात १९५७ साली छापल्या, आणि त्यांच्या जोडीनं वडिलांची जुनी पत्रंही. तू मोठी हो, मग आपलं नातं सुरू होईल, असं लिहिलेली, विलायतेहून आलेली पत्रं. अहमदाबाद, पुणे, विजापूर, सिंध, लंडन, ब्रायटन, कारवार, कलकत्ता. इतक्या वेळा सामान बांधलं, इतक्या वेळा उघडलं. संसारातल्या किती वस्तू वाटेत फुटल्या, हरवल्या असतील. ती पत्रं मात्र टिकली.